उरलेला आकडा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
मी पगार घेऊन दुसरं करते.

बाउस्कात मूसा आणि मेमेले एकमेकींत शिरतात.
तिथून पुढे नाव लिएलुपे, म्हणजे नुसती ‘मोठी नदी’.
नाव ठेवणाऱ्याला घाई असावी.
पुलावरून दर मंगळवारी मी दोरीनं बादली सोडते.
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं,
बाटलीत भरलं की अगदी निरपराध.

कारखान्याचं नळकांडं असतं तर सोपं होतं.
बोट दाखवता येतं, दंड करता येतो,
साहेबांचा फोटो येतो पेपरात.
हे तसं नाही. हे येतं
बीटाच्या ओळींमधून, गोठ्यांच्या मागून,
वितळत्या बर्फाच्या आडोशानं, कुणाचं नाव न घेता.
थेंबे थेंबे तळे साचे, खरं आहे,
पण तळ्याकाठी हजेरी घेतली
तर एक थेंब ‘हजर’ म्हणत नाही.

म्हणून खोऱ्याचे चौकोन पाडले,
पन्नास मीटर लांब, पन्नास रुंद.
प्रत्येकाला दिली माती, उतार, पीक, खताची पोती.
मग पाऊस घातला, थंडी घातली,
आणि मार्चच्या एका रात्री
संगणकात नदी वाहू लागली,
निळी, कोरडी, सांगितलेलं ऐकणारी.

दक्षिणेचे चौकोन मात्र पांढरे.
तिथे सरहद्द. लिथुआनियातून पाणी येतं, कागद येत नाहीत.
रिमविदासला पाच पत्रं धाडली.
सहाव्यावर त्यानं आकडे दिले, खाली एक ओळ:
‘आमच्या गाई तुमच्या नदीत मोजू नका.’
मोजल्या.

ओयार्सच्या रानात जमिनीखालच्या नळ्या शोधायला गेले.
भाजक्या मातीच्या, सामूहिक शेतीच्या काळात पुरलेल्या.
नकाशा हरवला की कुणी शेगडीत घातला,
यावर गावात दोन तट आहेत.
ओयार्स म्हणाला, नकाशा कशाला,
बर्फ आधी कुठं विरघळतं ते बघ.
आणि पांढऱ्या शेतावर काळ्या रेघा,
जुनं पत्र उलगडल्यावर घड्या दिसाव्यात तशा.
‘माझं लिही,’ म्हणाला, ‘पण त्या औस्माचंही लिही,
एकरी दोन पोती जास्त टाकते.’
औस्मानं कॉफी दिली
आणि ओयार्सचं सांगितलं.

सगळ्यांचं सगळं धरलं.
तरी नदीत नायट्रेट जास्तच निघतं.
तीन आठवडे मी बेरजेवर संशय घेतला,
मग उतारावर, मग ओयार्सवर, मग स्वतःच्या चष्म्यावर.

मग विहिरीच्या पाण्याचं वय कळलं:
अडतीस वर्षं.
म्हणजे आज बादलीत येतंय ते
तेव्हा जमिनीत गेलेलं.
वाळूतून, चुनखडीतून,
रांगेत उभं राहून आलेलं.

तेव्हा मी दुसरीत.
डोक्यावरून दोन पंखी विमान जायचं,
पांढरे दाणे पडायचे, साखरेसारखे, केसांत, कॉलरमध्ये.
आम्ही पोरं ओरडत मागे धावायचो.
एकदा मी टोपी काढून धरली,
भरली, घरी नेली.
आईनं काकडीच्या वाफ्यात ओतली, म्हणाली, शाब्बास.
वाफा नदीपासून चाळीस पावलांवर.

बैठकीत अधिकाऱ्यांनी विचारलं,
आज थांबलो तर पाणी कधी स्वच्छ?
मी म्हटलं, आज जमिनीत उतरलेलं
पुलाखाली पोचेल तेव्हा
या खोलीतलं कुणी नोकरीत नसेल.
त्यांनी वहीत लिहिलं: ‘लवकरच.’

त्या रात्री मी एका चौकोनात
एक टोपी घातली.
उरलेला आकडा जराही हलला नाही.
काढली नाही तरीही.

उद्या मंगळवार. दोरी वाळत घातली आहे.